रिटायर झाल्यावर काम कसं शोधलं, आणि तुम्ही कसं शोधाल

३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीतून आम्ही १४ हजारांहून जास्त जण व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलो. मी तेव्हा ५७ वर्षांची. शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो सगळं झालं आणि सोमवारी सकाळी मी सवयीने डबा भरला. तो घरीच बसून खाल्ला. ह्यांनी विचारलं, "आता काय करणार?" उत्तर सापडायला पावणेतीन वर्षं लागली. तुमची एवढी जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

"मला काय आवडतं" इथून सुरुवात करू नका. मी केली आणि फसले. मोदक आवडतात, हातही बरा, म्हणून ऑर्डरी घेतल्या. पहिल्याच गणपतीत १५१ मोदक. पहाटे तीनला काढलेली उकड कोरडी झाली, निम्म्याहून जास्त मोदकांच्या पाकळ्या तडकल्या. पैसे परत करताना वाईट वाटायच्या ऐवजी सुटल्यासारखं वाटलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

त्यापेक्षा एक वही घ्या. आजवरची पदं लिहा आणि प्रत्येकासमोर तुमचे हात, कान, तोंड दिवसभर नेमकं काय करत होते ते लिहा. मी १९८४ साली टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, परगावचे कॉल हाताने जोडायच्या ट्रंक बोर्डावर. (एमटीएनएल दोन वर्षांनी झालं.) खरखरत्या लाइनवर कुणीतरी म्हणायचं, "बाई, सातारा, लायटनिंग लावा." लायटनिंग म्हणजे सगळ्यांत महाग कॉल, म्हणजे घरात काहीतरी झालंय. गाव, नाव, नंबर एकदाच ऐकून बिनचूक लिहायचा. पुढे एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय परगावी थेट फोन, घरोघर आलं, बोर्ड गेले, मी १९७ वर, लोकांना फोन नंबर शोधून द्यायच्या चौकशीला आणि शेवटी काउंटरवर. वहीत तिन्ही पदांसमोर एकच ओळ उतरली: अडलेल्या अनोळखी माणसाचं ऐकायचं आणि त्याची गाठ योग्य ठिकाणी घालून द्यायची. माझी लेक ३४ वर्षांची, ऐरोलीला आयटीत आहे. तिनेही हा प्रकार केला, नोकरी न सोडता. तेव्हा साठीची वाट बघायची गरज नाही.

मग पंधरा दिवस, लोक आपणहून तुमच्याकडे काय मागायला येतात ते त्याच वहीत टिपा. आमच्या ठाण्याच्या वर्तकनगरात बरीच बिऱ्हाडं वागळे इस्टेटच्या कारखान्यांवर जगलेली. माझ्या यादीत ओटीपी, लाइटबिल, फॉर्म आणि सारखा सारखा हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन चालू राहायला दरवर्षी द्यायचा जिवंत असल्याचा पुरावा.

नोव्हेंबर २०२२. तळमजल्यावरच्या आजी, नवऱ्याच्या मागे ईपीएसची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडवाल्यांची पेन्शन. ईपीएसवाल्यांचा दाखला वर्षातून कधीही चालतो, तरी नोव्हेंबर लागला की त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. भाकऱ्या थापून आणि भांडी घासून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या, त्यामुळे अंगठ्याचं मशीन तीनदा 'नाही' म्हणालं होतं. मी फोनवर 'जीवन प्रमाण' हे या दाखल्याचं सरकारी ॲप उघडलं, त्यात चेहऱ्यानेही होतं. आजींना खिडकीकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढायला लावला. फोन सांगतो, डोळे मिचकवा. आजींनी देवापुढे बसल्यासारखे दोन्ही डोळे गच्च मिटले.

"आजी, उघडा आता."

"काढला फोटो?"

चौथ्या खेपेला झालं. मेसेज आला. आजींनी फोनची काच पदराने पुसली आणि म्हणाल्या, "म्हणजे मी आहे ना गं अजून?"

ते ऐकून मी वर आले आणि वही उघडलीच नाही.

काम सापडलं की त्याला वार, वेळ आणि जागा लावा, नाहीतर जेवायच्या वेळी बेल वाजते. माझे मंगळवार-शुक्रवार, १० ते १२, सोसायटीच्या ऑफिसात. पैसेही घ्या, थोडे का होईना. पहिलं वर्ष फुकट केलं तर एक गृहस्थ मलाच रागावले, "काल कुठे होता?" तेव्हापासून वीस रुपये. यावर माझ्याशी वाद घालणारे आहेत, घालू देत. पथ्यं मात्र ठरवून पाळा. माझी अशी: कुणाच्या आधारचा फोटो ठेवायचा नाही, ओटीपी ज्याचा त्याने टाकायचा, आणि पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा नंबर) मोठ्याने दोनदा वाचायचा. एक आकडा चुकला तर दाखला निघतो, पण पेन्शन अडकते.

तीन महिने करून बघा. एखाद्या दिवशी कुणी आलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं की हुश्श होतं? हुश्श झालं तर सोडा, बिनधास्त. 'सेकंड इनिंग' वगैरे म्हणणाऱ्यांना काही उत्तर द्यायची गरज नाही.

आता माझे गुडघे बोलायला लागलेत. अंथरुणाला खिळलेली माणसं नेमकी लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असतात. म्हणून या वर्षी वही पुन्हा काढली. गुडघे गेले तरी कान शाबूत आहेत. शेजारचा कॉलेजचा मुलगा फोन घेऊन वर जातो, मी खाली कट्ट्यावर बसून दुसऱ्या फोनवरून सांगते: पडदा सरकव, चष्मा काढायला सांग, हळू बोल, त्यांना डाव्या कानाने ऐकू येतं.