लोड वाढला म्हणजे प्रोसेसर कमी पडला असे नव्हे

लिनक्स सर्व्हरच्या कार्यक्षमतेचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना मी आधी एवढेच सांगतो की, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी प्रक्रिया (चालू असलेले प्रोग्रॅम) नेमक्या कशासाठी खोळंबल्या आहेत, ते मोजून पाहावे. नोकरीच्या पहिल्या वर्षी आठ कोअरच्या एका डेटाबेस सर्व्हरचे लोड ॲव्हरेज, म्हणजे चालू असलेल्या आणि खोळंबलेल्या प्रक्रियांची सरासरी संख्या, २० च्या वर गेले, तेव्हा प्रोसेसर अपुरा पडतो आहे असा अहवाल मी लगेच लिहून टाकला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी तो बाजूला ठेवला आणि मला व्हीएमस्टॅट (vmstat) ही प्रक्रिया, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दाखवणारी कमांड दर सेकंदाला चालवायला लावली. पहिली ओळ यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी दाखवते, म्हणून ती सोडून द्यायची. पुढच्या ओळींत ‘आर’ स्तंभात, म्हणजे प्रोसेसरवर चालू असलेल्या किंवा त्यासाठी रांगेत असलेल्या प्रक्रियांमध्ये, दोन-तीनचाच आकडा होता. ‘बी’ स्तंभात मात्र १८-१९ प्रक्रिया अडकून पडलेल्या दिसत होत्या. लिनक्समध्ये लोड ॲव्हरेजमध्ये डिस्कसाठी ताटकळणाऱ्या प्रक्रियाही मोजल्या जातात, हे मला त्या दिवशी कळले. आयओस्टॅट (iostat) या डिस्कचे आकडे दाखवणाऱ्या कमांडने डिस्कवरील प्रतीक्षाकाळ दाखवला आणि भर कामाच्या वेळेत सुरू झालेला बॅकअप सापडला. त्याची वेळ रात्रीची केली. नवा प्रोसेसर घ्यावा लागला नाही.

मेमरीबाबतही अशीच गल्लत होते. मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या फ्री (free) कमांडमध्ये मोकळी मेमरी थोडीच दिसली की नवखा माणूस घाबरतो आणि कॅशे, म्हणजे डिस्कवरून वाचून मेमरीत ठेवलेली माहिती, रिकामी करतो. वास्तविक कर्नल रिकामी मेमरी फायलींच्या कॅशेसाठी वापरतो आणि गरज पडताच त्यातली बरीचशी परत देतो. म्हणून ‘अव्हेलेबल’ हा स्तंभ पाहावा. कॅशे काढून टाकली, तर तीच माहिती पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते आणि यंत्र अधिकच मंदावते. स्वॅपिनेस, म्हणजे मेमरीतील माहिती डिस्कवरील स्वॅपमध्ये हलवण्याकडे कर्नलचा कल किती हे ठरवणारी सेटिंग, हिचे मूळ मूल्य ६० असते. ते कुठेतरी वाचले म्हणून १० करण्याआधी व्हीएमस्टॅटच्या ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (स्वॅपमधून आत आणि स्वॅपकडे बाहेर) स्तंभांत सतत हालचाल आहे का, हे पाहावे. तिथे शून्यच असेल, तर तो बदल करण्याला काही आधार उरत नाही.

संगणकांच्या कार्यक्षमतेचे तज्ज्ञ ब्रेंडन ग्रेग यांनी मांडलेली पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते: प्रत्येक संसाधनाचा वापर किती, त्यापुढे रांग किती आणि चुका किती, हे क्रमाने तपासायचे. लिनक्स ४.२० पासून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्यावरील ताण कर्नल स्वतःच नोंदवतो, त्यामुळे रांगेचा अंदाज घेणे बरेच सोपे झाले आहे. बदल एका वेळी एकच करावा आणि आधीच्याच भाराखाली पुन्हा मोजावे. प्रतिसादाच्या वेळेची केवळ सरासरी पाहू नये. शंभरातल्या ९५ विनंत्या झटपट आणि पाच अतिशय संथ असतील, तर सरासरी बरी दिसूनही तक्रारी येतच राहतात.

सर्व्हर सुरळीत चालू असतानाच सार (sar) हे आकड्यांची नोंद ठेवणारे साधन सुरू करून ठेवावे. ते साधारणपणे दर १० मिनिटांनी नोंद घेते आणि तक्रार आल्यावर कालच्या याच वेळेचा आकडा समोर ठेवता येतो. आमच्या त्या सर्व्हरवर ते बंद होते, म्हणून बॅकअप शोधायला पूर्ण दुपार गेली.