कोयता कुणाच्या हातात होता?

जबरी चोरी शिक्षेपुरती हिंसक गुन्ह्यांत मोडते का, असे बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे नवे वकील मला विचारतात. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना लागणाऱ्या भारतीय दंड संहितेत तसा वेगळा कप्पाच नाही. हिंसा किंवा तिची धास्ती जबरी चोरीच्या व्याख्येतच आहे आणि त्यासाठी मारहाण व्हावीच लागते असेही नाही. चोरी साधण्यासाठी तत्काळ इजेची भीती घातली किंवा माणसाला अडवून धरले तरी पुरते. प्रश्न उरतो तो कोणाला किती शिक्षा, एवढाच.

कलम ३९२ खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. गुन्हा सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात हमरस्त्यावर घडला तर १४ वर्षांपर्यंत. महामार्ग ४८ आपल्या दारातून जातो, तेव्हा घटनेची वेळ आधी पाहा. जबरी चोरीत प्राणघातक हत्यार वापरले तर कलम ३९७ मात्र किमान ७ वर्षे सांगते, आणि मी पडलो तो याच खड्ड्यात.

आमच्या प्रकरणात तिघे आरोपी होते. एकाने कोयता दाखवला, दुसऱ्याने पैशांची पिशवी ओढली आणि माझा पक्षकार मोटारसायकल चालू ठेवून थांबला होता. कलम ३४ चा सामाईक इरादा (सगळ्यांचा इरादा एक, म्हणून एकाच्या कृत्याला सगळे जबाबदार) शाबीत झाला, म्हणजे ३९७ ही तिघांना लागले, असे गृहीत धरून मी शिक्षेवरच्या टिपणात ७ वर्षे आपणहून मान्य केली आणि त्याहून जास्त देऊ नये, एवढीच विनंती केली. न्यायाधीशांनी विचारले, “कोयता कुणाच्या हातात होता?” माझ्याजवळ उत्तर होते, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली फूल कुमार प्रकरणात सांगितले आहे की कलम ३९७ मधला ‘गुन्हेगार’ म्हणजे ज्याने स्वतः प्राणघातक हत्यार वापरले तोच. सामाईक इराद्याने साथीदार ३९२ मध्ये येतो. ३९७ ची किमान शिक्षा मात्र त्या वाटेने त्याच्यावर येत नाही. त्याच निकालाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: हत्यार चालवावेच लागत नाही, समोरच्याला धाक बसेल असे उघड धरले तरी तो वापरच ठरतो. म्हणून ‘वार झालाच नाही’ हा बचाव कोयता दाखवणाऱ्याच्या कामाचा नाही. साथीदारही सुटत नाही. त्याच्यापुरता किमानाचा खिळा निघतो, इतकेच.

मोबाइलवर फिरणाऱ्या जुन्या-नव्या कलमांच्या तक्त्यांवर माझा राग आहे. ३९२ ऐवजी नव्या भारतीय न्याय संहितेचे ३०९(४) आणि ३९७ ऐवजी ३११ एवढे ते सांगतात, पण १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागते, हे अनेकदा राहून जाते. ‘लिहून टाक, पुढे बघू’ म्हणणारे ज्येष्ठही मला भेटले. त्यांच्या हाताखाली पहिले वर्ष काढू नका.

कानडी कागदांची धास्ती घेऊ नका, ती सहा महिन्यांत जाते. ‘सुलिगे’ म्हणजे आपली जबरी चोरी. दरोड्याला पाच माणसे लागतात. दोषारोपपत्र हाती आले की प्रत्येक आरोपीच्या नावापुढे त्याच्या हातात काय होते ते साक्षीदाराच्या जबाबातून उतरवून घ्या, आणि जिथे जबाब गप्प आहे तिथे जागा कोरीच सोडा.