केस-कंट्रोल अभ्यासाचा कृत्रिम डेटा: दिशा उलटी ठेवा

आधी धूम्रपान ठरवायचं आणि त्यावरून आजार काढायचा, ही सवय इथे सोडावी लागते. केस-कंट्रोल अभ्यासात, म्हणजे रुग्ण आणि तो आजार नसलेले यांच्या पूर्वीच्या सवयींची तुलना करणाऱ्या अभ्यासात, रुग्ण किती घ्यायचे हे संशोधकच ठरवतो. अनिश्चित असतो तो त्यांचा पूर्वीचा संपर्क, म्हणजे इथे धूम्रपान. म्हणून दोन्ही गटांची संख्या पक्की ठेवून त्यांतले धूम्रपान करणारे यादृच्छिक काढायचे.

आकडे खरे घेऊ. डॉल आणि हिल यांचा फुप्फुसाच्या कर्करोगावरचा अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६४९ पुरुष रुग्णांपैकी धूम्रपान न करणारे फक्त २ होते, तर तुलनेच्या ६४९ पुरुषांत २७. ऑड्स रेशो, म्हणजे दोन्ही गटांतल्या 'करणारे ÷ न करणारे' या प्रमाणांचा भागाकार, सुमारे १४.

तुलना गटातलं धूम्रपानाचं प्रमाण 'क' = ६२२/६४९ = ०.९५८ आणि हवा असलेला रेशो 'र' = १४ धरा. मग रुग्णांमधलं प्रमाण = र×क ÷ (१ + क×(र−१)), म्हणजे ०.९९७. 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत सीड (यादृच्छिक आकड्यांचा सुरुवातीचा क्रमांक) ठरवून घ्या, आरबायनॉम (rbinom) फंक्शनने प्रत्येक गटासाठी ६४९ पैकी धूम्रपान करणाऱ्यांचा एक आकडा काढा, की दोन-बाय-दोन कोष्टक तयार. असं हजार वेळा करा.

आता गंमत. रुग्णांत धूम्रपान न करणारे सरासरी दोनच असल्यामुळे हजारातल्या साधारण १३५ कोष्टकांत तो कप्पा शून्य येतो आणि रेशो अनंत होतो. आजाराच्या ऑड्सचा लॉग मांडणारं लॉजिस्टिक मॉडेल तरीही थांबत नाही. भलामोठा गुणांक आणि त्याहून अवाढव्य स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) देऊन मोकळं होतं. अशी कोष्टकं गाळू नका, कारण नेमके सर्वांत मोठे रेशो गळून सरासरी खाली येते. चारही कप्प्यांत ०.५ मिळवा किंवा अनंताकडे पळणारे गुणांक आवरणारी फर्थची पद्धत वापरा. सरासरी काढायची ती लॉग-रेशोची; थेट रेशोची काढली तर ती वरच्या बाजूला ओढली जाते.

वयासारखा गोंधळ घालणारा घटक हवा असेल तर मात्र आधी मोठी लोकसंख्या बनवा, लॉजिस्टिक सूत्राने आजार द्या आणि मग रुग्ण व निरोगी वेगवेगळे निवडा. आधी वय बाजूला ठेवून पाहू. समजा छेदक (धूम्रपान न करणाऱ्यांच्या आजाराच्या ऑड्सचा लॉग) −५, धूम्रपान ३० टक्के लोकांत, रेशो २ आणि लोकसंख्या १ लाख. यातून साधारण ८६७ रुग्ण मिळतील. दोन्हीकडून २००-२०० घेतले की मॉडेलचा छेदक −०.२६ च्या आसपास येईल. इथे कोड चुकला असं वाटतं, पण तो बरोबर असतो: निवडीच्या प्रमाणांच्या भागाकाराचा लॉग, ४.७४, त्यात मिसळलेला असतो. रेशो जागेवर राहतो, आजाराचं प्रमाण मात्र या डेटातून काढता येत नाही.

वयानुसार जोड्या लावल्या असतील तर विश्लेषणही कंडिशनल लॉजिस्टिकने, म्हणजे प्रत्येक जोडीच्या आतच तुलना करणाऱ्या मॉडेलने करा. जोड्या विसरलात तर रेशो १ कडे सरकू शकतो. शेवटी ९५ टक्के विश्वासांतरं (रेशो ज्या मर्यादांत असावा ती अंतरं) मोजा: हजारातल्या ९३६ ते ९६४ विश्वासांतरांत खरा रेशो सापडला तर ठीक. त्याहून कमी वेळा सापडला, तर आधी शून्य कप्पे तपासा.