भरतीला जाताय आणि अंगावर टॅटू आहे?

आमच्या मैदानावर नवीन पोरगा आला की पळायला लावण्याआधी मी त्याला बनियन काढायला सांगतो. पोरं लाजतात. पण मेडिकलला लाजून चालत नाही, मग इथंच लाजून घ्या.

नियम आधी चित्राची जागा बघतात, मग चित्र. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढीच चालते. दंड, छाती, मान इथं गोंदलं असेल तर अडचण. आदिवासी पोरांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत असते. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांत आणखी कडक: धार्मिक चिन्ह किंवा नाव, तेही डाव्या हातावर, कारण सलाम उजव्यानं करायचा. शिवाय त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान पाहिजे. शिंप्याची टेप घ्या आणि मोजा, अंदाजावर राहू नका. दरवर्षीची जाहिरातही स्वतः वाचा, मित्राच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

गंमत बघा, माझ्या आजीच्या हातावर तुळस होती आणि कपाळावर तीन टिपके. गोंदण नाही तर बाई कसली, असं म्हणायचे. आणि नातवानं जत्रेत दंडावर वाघ काढला तर वडील आठ दिवस बोलले नाहीत. तो वाघ आता माझ्याच मैदानावर पळतोय.

वाघासाठी रस्ता एकच, कातडीच्या डॉक्टरकडे लेझर. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी-पिवळी चिवट. दोन बैठकींमध्ये साधारण 6 ते 8 आठवडे थांबावं लागतं आणि बैठका बऱ्याच लागतात, म्हणजे भरतीच्या निदान वर्षभर आधी सुरुवात हवी. त्या काळात पळायचं ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, ऊन लागू द्यायचं नाही. पूर्ण जाईलच याची खात्री डॉक्टरही देत नाही, हे पैसे भरण्याआधी ऐकून घ्या.

बिब्बा लावू नका. एकानं लावला होता. टॅटू राहिला तो राहिला, वर कातडी सोलून दंडावर फुगीर वण उठला. जुन्यावर मोठं चित्र काढून झाकायचंही नको, पाव हिश्श्याचा हिशोब तिथंच संपतो.

कानात बाळी किंवा भिकबाळी असेल तर ती घरी काढून ठेवा. तिथल्या गर्दीत पडली तर सापडायची नाही.

आणि मेडिकलच्या दिवशी बहिणीचं फाउंडेशन लावून जाऊ नका. मागच्या वेळी आमच्या एकानं लावलं होतं. डॉक्टरनं काही न बोलता कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि त्याच्या हातात दिला.