डॅडो सेट चढवायच्या आधी

वाचनालयाचं कपाट नुसत्या स्क्रूवर उभं करू नये. प्लायच्या कडेत स्क्रू मारला की थर फाकतात, आणि वर पुस्तकांचं ओझं आलं की फळी हळूहळू झोपते. उभ्या बाजूला आडवी खाच मारून फळी तिच्यात बसवली की सगळा भार खाचेच्या काठावर येतो, स्क्रू फक्त धरून ठेवायला उरतो. दोन-चार खाचा असल्या तर पटाशी आणि करवत पुरे. भिंतभर कपाटाच्या खाचा एकसारख्या हव्या असतील तर टेबल सॉवर डॅडो सेट, म्हणजे एका शाफ्टवर शेजारीशेजारी चढवून रुंद खाच मारायचा पात्यांचा संच, लावावा. अडचण एवढीच की सेट अमेरिकन इंचाचा, प्लाय मिलिमीटरचं आणि मशीन बहुतेक वेळा आपल्याच भागात जुळवलेलं. या तिघांचा मेळ मोटर बंद असतानाच घालायचा असतो.

सेट मागवायच्या आधी शाफ्ट मोजा. बाजारातल्या बहुतेक सेटचं भोक 5/8 इंच, म्हणजे पाच सूत असतं, आणि आपल्याकडच्या मशीनचा शाफ्ट बहुधा त्याहून जाड. बेळगावच्या उद्यमबागेत कुठलाही लेथवाला ब्लेडचं भोक मोठं करून देईल, पण ते करून घेऊ नका. सेटमध्ये सात-आठ पाती असतात. त्यातल्या एकाचं भोक जरी मध्यापासून केसभर सरकलं तरी खाचेचा तळ पायरीपायरीचा येतो आणि शाफ्ट थरथरतो. त्यापेक्षा चांगल्या टर्नरकडून शाफ्टच सेटच्या मापाचा नवा करून घ्यावा. जाडीबरोबर लांबीही बघा. पूर्ण सेट साडेसहा सुतांपर्यंत जाड होतो, आणि तो चढवल्यावरही नट सगळ्या आट्यांवर बसायला हवा. जागा कमी पडली तर बाहेरचा मोठा वायसर काढायची मुभा काही मशीनच्या पुस्तिकेत दिलेली असते. नट अर्धाच बसत असेल तर पाती कमी करा, किंवा त्या मशीनवर डॅडोचा नादच सोडा. साइटवर न्यायच्या छोट्या टेबल सॉचा शाफ्ट मुळातच आखूड असतो.

मग फेरे. दहा इंची मशीनला आठ इंची सेट लावायचा, आणि सेटवर लिहिलेल्या कमाल आरपीएमच्या वर जायचं नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनचा हिशेब कागदावर करता येतो. मोटर 2880 ची, तिच्यावरची पुली पाच इंची आणि शाफ्टवरची तीन इंची असेल, तर शाफ्ट साधारण 4800 फेरे घेतो. मशीन जुनं घेतलेलं असेल तर आधीच्या मालकानं पुली बदललेली असू शकते, म्हणून हा हिशेब करायचाच.

थ्री फेजची लाइन दुरुस्त झाल्यावर ब्लेड चढवायच्या आधी मोकळा शाफ्ट क्षणभर फिरवून दिशा बघा. दोन फेज उलटे लागले की मोटर उलटी फिरते, आणि उलटा फिरणारा शाफ्ट नट सैल करतो. पावसाळ्यात लाइट दिवसातून कितीदा जाते हे सांगायला नको. मशीनला साधं बटण असेल तर लाइट गेल्या गेल्या ते बंद करायची सवय हवी, नाहीतर लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं. नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर बसवून घेतला तर ही काळजी मिटते, आणि डॅडोसाठी तो बसवाच.

एवढं झालं की प्लग काढा. पात्यांना हात लावायच्या आधी तो निघालेलाच असला पाहिजे. ब्लेडवरचं गार्ड आणि मागचं रायविंग नाइफ, म्हणजे कापलेली चीर उघडी ठेवणारी पट्टी, काढावं लागतं, कारण लाकूड आरपार कापलं जात नाही. आधार निघाल्यामुळे पुढची काळजी दुप्पट घ्यायची. शाफ्ट, वायसर आणि प्रत्येक पातं दोन्ही बाजूंनी पुसून घ्या. सागाचा चिकट भुसा दोन पात्यांमध्ये राहिला की जाडीचा सगळा हिशेब बिघडतो.

आता जाडी. प्लायवर 18 मिमी छापलेलं असलं तरी व्हर्नियर लावला की बऱ्याचदा साडेसतराच्या आसपास निघतं, आणि ते 6 सुतांत, म्हणजे 19.05 मिमीत, सैल खेळतं. म्हणून ज्या शीटची फळी बसणार तीच शीट चार ठिकाणी मोजा. समजा 17.6 आली. बाहेरची दोन पाती एकेका सुताची, म्हणजे 6.35 मिमी. त्यांच्या मधे एकेक सुताचे तीन चिपर (आतली पाती) घातले की 15.88. अर्ध्या सुताचा एक चिपर घातला की 17.46. उरलेल्या फरकासाठी 0.2 मिमीची शिम (पातळ चकती) घाला, म्हणजे 17.66 होईल. फळी हाताच्या दाबानं बसते आणि फेविकॉललाही जागा राहते. हातोडा लागेल इतकी घट्ट खाच नको, गोंद सगळा पुसून बाहेर येतो. भरीव सागाच्या फळीसाठी ती रंधून झाल्यावर मापायची. जांबोटी-खानापूरकडच्या पावसात उघड्यावर राहिलेली फळी आधी शेडमध्ये पुरती सुकू द्या, मगच माप घ्या.

पाती चढवताना डाव्या-उजव्या पात्याची खूण बघा. सगळ्या दात्यांचं तोंड तुमच्याकडे. चिपरचे दाते बाहेरच्या पात्यांच्या दात्यांमधल्या मोकळ्या जागेत पडले पाहिजेत, कार्बाइडला कार्बाइड टेकायला नको. दोन चिपर असतील तर काटकोनात, तीन असतील तर साठ-साठ अंशांवर ठेवा. नट घट्ट केल्यावर हातानं एक फेरा फिरवा आणि कान द्या. कुठे घासल्यासारखं वाटलं तर परत उघडा.

ब्लेडभोवतीच्या प्लेटची चीर साध्या ब्लेडच्या मापाची असते, तिथे डॅडो मावत नाही. तेवढ्याच जाडीच्या प्लायची कोरी प्लेट करून घ्या. ब्लेड पूर्ण खाली घालून ती बसवा, वरून पाटी आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी क्लॅम्पनं घट्ट करा आणि मोटर चालू करून ब्लेड सावकाश वर आणा. हात पाटीवर ठेवू नका.

खोली 18 च्या प्लायमध्ये 6 मिमी पुरे. ऐन किंवा सागात एका दमात पूर्ण खोली घेऊ नका, 3-3 मिमीनं उतरा. लाकूड उलटं फेकलं जायचा धोका इथे जास्त, म्हणून लाकूड ढकलायचा पुश ब्लॉक आणि ते दाबून धरणारा फेदर बोर्ड हाताशी ठेवा. गळ्यातलं उपरणं, हातमोजे, हातातला धागा सगळं काढून ठेवा. हाताखालचा पोरगा गोकाककडचा असेल तर आधीच ठरवा, ‘थांब’ ऐकू गेलं नाही तरी कन्नडमधलं ‘बंद माडू’ (बंद कर) ऐकू जायला हवं, आणि तो ब्लेडच्या सरळ मागे उभा राहता कामा नये.

त्याच शीटच्या तुकड्यावर एक खाच मारून फळी बसवून बघा. काठ फाटत असेल तर मास्किंग टेप लावून सुरीनं रेघ ओढा. माप जुळलं की त्या तुकड्यावरच कुठली पाती आणि किती शिम लागली ते मार्करनं लिहून भिंतीवर लटकवा. खाचा संपल्या की सेट त्याच दिवशी उतरवून रायविंग नाइफ आणि गार्ड जागेवर लावा.