लाकडी सांध्यांचं प्रात्यक्षिक : इंदूरच्या मे महिन्यात या चुका टाळा

आदल्या रात्री घट्ट बसलेलं कुसू, म्हणजे तुळईच्या टोकाला कोरलेली, खांबाच्या खाचेत बसणारी जीभ, दुसऱ्या दुपारी खाचेत खुळखुळायला लागतं आणि समोर पन्नास माणसं उभी असतात. उन्हाळी लोकमहोत्सवाच्या मांडवात माझ्यावर हे दोनदा आलं. लाकूड लांबीला जवळजवळ आकसत नाही, आडवं मात्र आकसतं. माळव्यातली कोरडी हवा ओलसर लाकडाचं पाणी ओढून घेते आणि कुसू बारीक होतं.

म्हणून पुरतं वाळलेलंच लाकूड घ्या. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर सोनंच. कापलेल्या टोकांना मेण किंवा जाड रंग लावा, कारण पाणी तिथूनच वेगानं निघतं आणि चिराही तिथूनच पडतात. सैल कुसावर पाणी मारून ते फुगवायचा मोह होतो. तसं करू नका, वाळलं की पुन्हा सैल. त्यापेक्षा त्याच लाकडाचा पातळ पापुद्रा, रेषा जुळवून, कुसाच्या बाजूला सरसानं चिकटवा.

सांध्यातून आडव्या ठोकायच्या खुंटीचं भोक दोन्ही लाकडांतून एकदम आरपार पाडलं, तर खुंटी सांधा नुसता धरते, आवळत नाही. खांबातलं भोक आधी पाडा. कुसू बसवून त्यावर खूण करा, बाहेर काढा आणि कुसातलं भोक खुणेपासून दोनेक मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कुसू तुळईला जिथं मिळतं त्या पायरीकडे, सरकवून पाडा. आता निमुळती खुंटी ठोकली की तुळई खांबाकडे खेचली जाते. सरक उलट दिशेला झाली, तर प्रत्येक ठोक्याला सांधा उघडत जातो! बोलता बोलता ही गल्लत हमखास होते. तुळईवर खडूनं बाण काढून ठेवा. खुंटी कडक वाळलेली आणि रेषेवरून फोडलेली हवी. करवतीनं कापलेली तिरक्या रेषेवर मोडते.

लोकांना हाताळायला सरळ भोकाचा वेगळा सांधा ठेवा. खेचणारा सांधा वारंवार उघडला की भोकं झिजतात. मुलांना मोगरी (लाकडी हातोडा) द्या, धारदार पटाशी नको.

इंदूरच्या राजवाड्याचं नाव घ्याल तेव्हा ‘सगळा लाकडी’ म्हणू नका. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. 1984 च्या दंगलीतली त्याची आग पाहिलेले आजोबा गर्दीत असतात. ते बोलायला लागले की मोगरी खाली ठेवा आणि माइक त्यांच्या हाती द्या.