तान्ह्या बाळाला घेऊन मुंबई ते अमेरिका: विमानात काय पाजायचं, काय भरवायचं आणि कसं निभवायचं

बाळंतपण माहेरी झालं, बाळ सात-आठ महिन्यांचं झालं, व्हिसा आला आणि आता एकटीने नवऱ्याकडे जायचंय, किंवा उलट तिकडे जन्मलेलं बाळ आजी-आजोबांना दाखवायला इंडियात आणायचंय, अशा सगळ्या आयांची धास्ती एकच असते की बाळ विमानात रडलं तर काय करायचं. रडणारच हो, थोडं तरी रडणारच. पण बरीचशी रडारड भुकेमुळे, कान दुखल्यामुळे नाहीतर झोप मोडल्यामुळे होते, आणि यातल्या पहिल्या दोन गोष्टी बऱ्यापैकी आपल्या हातात असतात. म्हणून माझं मत सरळ आहे, झोपेचं प्लॅनिंग करत बसू नका, खाण्यापिण्याचं करा. पोट भरलेलं असेल तर झोप आपोआप लागते.

सुरुवात तासांच्या हिशोबाने करा, आणि तास फ्लाइटचे नाही तर घरापासून घरापर्यंतचे मोजा. पुण्याहून निघालात तर मुंबई एअरपोर्टपर्यंत ट्रॅफिक धरून चारेक तास, तिथे तीन-चार तास आधी पोचायचं, मग मुंबई-न्यूयॉर्क डायरेक्ट असली तरी १५-१६ तास, उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा, मग गाडीने घर. म्हणजे २६-२७ तास कुठे गेले नाहीत, मध्ये दुबई नाहीतर दोह्याला थांबा असेल तर अजून जास्त. दर तीन तासांनी दूध धरलं तर आठ-नऊ फीड होतात. डायपर दोन-तीन तासाला एक धरले तर दहाएक. यावर अर्ध्या दिवसाचं जास्तीचं घ्यायचं, दुधाची पावडरही आणि डायपरही, कारण फ्लाइट लेट झाली की रात्री दोन वाजता एअरपोर्टवर तुमच्या बाळाला चालणाऱ्या ब्रँडचा डबा मिळेलच असं नाही.

तिकिटाचं पटकन सांगते. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं आणि इंटरनॅशनलला बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के घेतात. येताना बाळ दोन वर्षांचं होणार असेल तर परतीला वेगळी सीट लागते, हे बुकिंगलाच बघून घ्या. बॅसिनेट, म्हणजे विमानात बाळाला झोपवायचा छोटा पाळणा, ऑनलाइन दिसलं नाही तर फोन करून मागा आणि वजनाची मर्यादा विचारा, ती प्रत्येक एअरलाइनची वेगळी असते. बॅसिनेट असतं समोर भिंत असलेल्या पहिल्या रांगेत, पाय पसरायला जागा मस्त, पण तिथे मधला हँडरेस्ट वर होत नाही आणि टेकऑफ-लँडिंगला पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत, सगळं सामान वर टाकावं लागतं. शिवाय सीटबेल्टची लाइट लागली की झोपलेलं बाळ उचलून मांडीवर घ्यावं लागतं, आणि लाइट नेमकी बाळ झोपलं की लागते! तरीपण तीन-चार महिन्यांच्या बाळासाठी बॅसिनेट घ्याच. धरून उभं राहायला लागलेलं बाळ मात्र त्यात पाच मिनिटं टिकत नाही, त्यापेक्षा खिडकीची सीट बरी, पाजायला आडोसा मिळतो. बजेट असेल तर बाळासाठी वेगळी सीट घेऊन विमानात चालणारी कारसीट लावणं सगळ्यात सुरक्षित.

आता दूध. अंगावरचं पाजत असाल तर अर्धी बॅग हलकी झाली. पुढून उघडणारा कुर्ता आणि एक मोठी सुती ओढणी, बस. विमानातली हवा खूप कोरडी असते त्यामुळे तुम्ही स्वतः पाणी पीत राहा, चहा-कॉफीवर भागवू नका, आणि दर दोन तासांनी उठून चाला, सिझेरियन होऊन थोडेच महिने झाले असतील तर जास्तच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि फक्त दुधावर असेल तर कोरड्या हवेच्या भीतीने त्याला वरचं पाणी पाजायची गरज नाही, दूधच दोन वेळा जास्त पाजा. काढून ठेवलेलं दूध न्यायचं असेल तर साध्या तापमानाला ताजं दूध चार तास टिकतं, आणि गोठवलेल्या आइस पॅकसकट इन्सुलेटेड बॅगेत २४ तासांपर्यंत चालतं.

फॉर्म्युला देत असाल तर पावडर मोजून एकेका फीडची कोरड्या डबीत नाहीतर कप्प्यांच्या डब्यात आधीच भरा. अंधारात, एका हातात बाळ धरून, चमचे मोजणं जमत नाही, तिसरा की चौथा इथेच गडबड होते. बाटल्या घरूनच उकळून, वाळवून, झिप पिशवीत घालून जितकी फीड तितक्या न्या, निदान पाच-सहा तरी, कारण विमानाच्या टॉयलेटमध्ये बाटली धुणं हा प्रकार करायचाच नाही. तिथल्या नळाचं पाणी दुधासाठी तर नाहीच, बाटली विसळायलाही नको. पावडर काही निर्जंतुक नसते, म्हणून निदान ७० डिग्री गरम पाण्यात कालवून मग दूध कोमट करायचं असं डब्ल्यूएचओ सांगतं. तर सिक्युरिटी झाल्यावर एखाद्या कॅफेतून चांगला थर्मास उकळत्या पाण्याने भरून घ्या. विमानात क्रूकडे सीलबंद पाण्याची बाटली मागा आणि कपात बर्फ मागा, बाटली त्या थंडगार पाण्यात दोन-तीन मिनिटं फिरवली की पाजण्याजोगी होते, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचं हे तर घरच्यासारखंच. उलट, थंड दूध कोमट करायचं असेल तर कपभर गरम पाणी मागून बाटली त्यात उभी करा, मायक्रोवेव्ह बऱ्याच विमानांत नसतोच. कालवलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं आणि बाळाने तोंड लावलं की एका तासात, उरलेलं सरळ फेका. जीव तुटतो टाकताना, पण विमानात पोट बिघडलं तर त्याहून वाईट. अमेरिकेतून इंडियात येत असाल तर तिकडे छोट्या सीलबंद बाटल्यांत तयार फॉर्म्युला मिळतो, ना पाणी ना मोजमाप, महाग आहे पण प्रवासापुरता घ्याच.

सिक्युरिटीची उगाच भीती असते. १०० मिलीचा नियम बाळाच्या दुधाला आणि खाण्याला लागत नाही, आपल्याकडेही प्रवासाला पुरेल इतकं नेऊ देतात आणि अमेरिकेतही आइस पॅकसकट नेऊ देतात, फक्त ते वेगळं काढून आधीच सांगा की बाळाचं दूध आहे. तपासतील, बाटली उघडायला सांगतील, शांतपणे करू द्या. बाळाला अंगाशी बांधायच्या कॅरियरमधून बाहेर काढायला लावतात आणि स्ट्रोलर घडी करून मशीनमध्ये टाकायला लागतो, म्हणून एका हाताने बंद होणारा स्ट्रोलर नसेल तर एकटीने नेऊच नका, कॅरियरच बरा. थांबा असेल तर स्ट्रोलर मध्ये मिळणार की थेट शेवटी बॅगांबरोबर हे चेक-इनलाच विचारा.

वरचं खाणं सुरू झालेल्या बाळासाठी माझी आवडती गोष्ट म्हणजे पोह्यांची पूड. जाड पोहे निवडून, मंद आचेवर कुरकुरीत भाजून, गार करून मिक्सरला बारीक करायचे. दोन-तीन चमचे पूड वाटीत घ्या, वरून गरम पाणी घाला, झाकून पाच मिनिटं ठेवा, मऊ लापशी तयार, गुठळ्या होत नाहीत आणि शिजवायला काही लागत नाही. त्यात केळं कुस्करून घातलं की बाळ दोन मिनिटांत वाटी साफ करतं. मुगाची डाळ आणि तांदळाचं नेहमीचं खिमट विमानात नको, ते नीट शिजवावंच लागतं, कपातल्या गरम पाण्यात कच्चट राहतं. नाचणी सत्त्वाचंही तेच, शिजवलेलं न्यायचं तर पहिल्या तीन-चार तासांपुरतंच. नवीन पदार्थ प्रवासात अजिबात सुरू करू नका, घरी दोन-चार वेळा खाऊन पचलेलंच न्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आणि द्राक्ष, दाणे, लाह्या असलं घशात अडकणारं काही हातात देऊ नका. बेबी मील २४ तास आधी सांगून मिळतं, बहुतेक वेळा फळांच्या प्युरीची बाटली असते, मागवून ठेवा पण त्याच्या भरवशावर राहू नका. एक प्लॅस्टिकचं लाळेरं न्या, पुढे खिसा असलेलं, सांडलेलं सगळं त्यात जमा होतं.

आता कान. विमान उतरायला लागलं की केबिनमधला दाब वाढत जातो आणि कानाला दडे बसतात, आपण आवंढा गिळून मोकळे होतो, बाळाला ते कळत नाही. दूध ओढताना ते सारखं गिळत राहतं म्हणून कान मोकळे होतात. टेकऑफला त्रास त्या मानाने कमी, खरी पंचाईत उतरताना. आणि गंमत अशी की विमान खाली यायला सुरुवात साधारण लँडिंगच्या अर्धा तास आधी होते, त्यामुळे चाकं बाहेर आल्यावर पाजायला घेतलं तर उशीर झालेला असतो. पायलटने उतरतोय असं सांगितलं किंवा समोरच्या स्क्रीनवर उंची कमी होताना दिसली की लगेच सुरू करा. म्हणजेच त्याआधीच्या दीड-दोन तासांत पोटभर पाजायचं नाही, थोडी भूक शिल्लक ठेवायची. ही एक गोष्ट नीट जमवलीत तरी फ्लाइटचा सगळ्यात वाईट अर्धा तास बराच सोपा जातो. आडवं करून पाजू नका, डोकं जरा उंच ठेवा. दूध नकोच म्हणालं तर चोखणी, नाहीतर चमच्याने थोडं थोडं काहीतरी. गाढ झोपलं असेल आणि कुरकुर नसेल तर मी उठवत नाही. सर्दी झाली असेल किंवा नुकताच कान दुखून गेला असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना कान दाखवून घ्या, हे टाळू नका.

औषधाचं बोलतेच. कोणीतरी मावशी नाहीतर ऑफिसमधली मैत्रीण सांगतेच की सर्दीच्या औषधाचे दोन थेंब दे, झोपतं बघ मस्त. नको. झोप आणणारी ही औषधं दोन वर्षांखाली झोपेसाठी द्यायची नसतातच, आणि काही मुलं त्याने उलट जास्त पेटतात, मग पुढचे सहा तास काय करणार? जायफळ उगाळून चाटवायचंही विमानात नको, आजीला वाईट वाटलं तरी चालेल, त्याचं प्रमाण जास्त झालं तर त्रास होतो आणि ३५ हजार फुटांवर डॉक्टर कुठून आणणार. तापाचे थेंब मात्र डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेला डोस आणि चिठ्ठीसकट हँडबॅगेतच ठेवा.

शी-शूचं. मोठी डायपर बॅग वर ठेवा आणि एकेका वेळचं छोटं पाकीट करा, एक डायपर, थोडे वाइप्स, एक पिशवी, एक झबलं. टॉयलेटला जाताना तेवढंच उचलायचं. बदलायची फळी सगळ्या टॉयलेटमध्ये नसते, कुठल्या आहे ते क्रूला आधीच विचारून ठेवा, आणि जेवणाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत जाऊन या, नाहीतर मध्येच अडकता. डायपर कमोडमध्ये टाकायचा नाही, पिशवीत बांधून कचऱ्यात. तुमच्यासाठीही एक टीशर्ट हाताशी असू द्या, बाळाचे चार जोड सगळ्या नेतात आणि स्वतः ओकारीच्या वासात बारा तास बसतात.

बाळ मांडीवर असताना चहा घेऊ नका, एवढी एक गोष्ट कडक पाळा. शेजारच्याने घेतला तरी कप पलीकडच्या बाजूला ठेवायला सांगा, एक धक्का पुरतो. जेवण नंतर आणा म्हटलं तर क्रू सहसा बाजूला ठेवतात, नवरा बरोबर असेल तर आळीपाळीने जेवा. मांडीवरच्या बाळासाठी बऱ्याच एअरलाइन्स तुमच्या बेल्टला अडकवायचा छोटा बेल्ट देतात, अमेरिकन एअरलाइन्स देत नाहीत, तिथे हातात घट्ट धरायला सांगतात. आणि ते आजूबाजूच्यांना चॉकलेटं आणि सॉरीच्या चिठ्ठ्या वाटायचं फॅड आलंय ना, त्याची काही गरज नाही, तुम्ही बाळ घेऊन चाललाय, गुन्हा नाही केलेला.

उतरायच्या आधी एक फीड पूर्ण तयार ठेवा, कोरडी पावडर आणि थर्मासमध्ये पाणी, कारण इमिग्रेशनची लाइन कधीकधी तासाच्या वर जाते. उरलेलं केळं, सफरचंद विमानातच संपवा किंवा टाकून द्या, ताजी फळं अमेरिकेत नेऊ देत नाहीत, आणि बाकी बाळाचं खाणं आहे ते विचारलं की सरळ सांगा, लपवलं तर दंड बसू शकतो.

घरी पोचल्यावर पहिले चार-पाच दिवस बाळ रात्री दोनला टक्क जागं होऊन जेवण मागणार, न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ-साडेदहा तास मागे आहे, त्याच्या पोटाला अजून दुपारच वाटते. भूक असेल तर भरवा, पण दिवा मंद, टीव्ही बंद, खेळणी नाहीत, आणि सकाळी उजाडलं की खिडकीत किंवा बाहेर उन्हात न्या. पहिल्या दोन दिवसांची पूड, पावडर आणि डायपर हँडबॅगेतच असू द्या, चेक-इन बॅग मागच्या फ्लाइटने आली तरी दुकान शोधत पळायला नको.